सतरा नंबरची चिठ्ठी

सोमवार, ७ जुलै

"विद्यार्थ्यांचा सहभाग वाढवावा." एवढं एकच वाक्य! पर्यवेक्षिकाबाई माझ्या तासाला शेवटच्या बाकावर बारा मिनिटं बसल्या, त्यातली आठ मोबाइलमध्ये गेली. आणि सहभाग वाढवायचा मी. सहावा तास, पोरं नुकतीच जेवून आलेली, आठवीची बेचाळीस डोकी, एक पंखा. यांनी स्वतः तिथे डोळे उघडे ठेवून दाखवावेत. तळपायाची आग मस्तकात गेली. तरी शेऱ्याखाली सही केली.

पण इथे खोटं कशाला लिहू — वर्ग पेंगतो. हात वर करणारी तीच पाच-सहा, बाकीचे नुसते बसलेले. घरी येऊन जुन्या कॅलेंडरची पानं कापली, हजेरीपटाचे एक ते बेचाळीस नंबर घातले, बिस्किटांच्या रिकाम्या डब्यात भरले. बघू.

मंगळवार, ८ जुलै

डबा चालला!

युक्ती साधीच आहे. आधी प्रश्न, मग चिठ्ठी. उलटं केलं तर एकाचा नंबर निघतो आणि एक्केचाळीस जण सुटतात. प्रश्न टाकायचा, मनात पाचपर्यंत मोजायचं, तोवर तोंड उघडायचं नाही — हेच सगळ्यात अवघड — आणि मग डब्यात हात. निघालेली चिठ्ठी परत डब्यात, म्हणजे "झालं माझं" म्हणून कोणी पाय पसरत नाही. वर्गात ज्याला 'उंट' म्हणतात तो उंच मुलगा चक्क जागा होता. त्याचा नंबर दोनदा निघाला. "बाई, या डब्याचं माझ्याशी वैर आहे," म्हणाला.

डबा आता वर्गातल्याच कपाटावर ठेवते.

गुरुवार, १० जुलै

आज सतरा निघाला.

ती मुलगी अडखळत बोलते. पहिलं अक्षर धरून ठेवतं तिला, सुटू देत नाही. उत्तर 'बाष्पीभवन', आणि तिला ते येत होतं, नक्की येत होतं. 'ब'वरच अडली. मी थांबले. वर्ग थांबला. मग खिडकीकडच्या रांगेतून कोणीतरी फिसकन हसलं आणि माझा तोल गेला. त्या मुलाला उभं करून पाच मिनिटं झापलं. मध्येच उत्तर मीच सांगून टाकलं आणि तिला म्हटलं, "बस गं, राहू दे." तिचे कान लालबुंद झाले होते.

सुट्टी झाल्यावर डब्यातून सतरा नंबर काढून पर्समध्ये टाकला. कोणाला कळायची गरज नाही. माझ्या वर्गात त्या पोरीचं हसं होऊ देणार नाही मी.

सोमवार, १४ जुलै

शिक्षकांच्या खोलीत गणिताच्या सरांशी वाजलं. म्हणतात, "बाई, डबा-बिबा कशाला? पुढच्या दोन रांगांना विचारायचं, भराभर पुढे जायचं. मागच्यांना कुठे यायचंय काही." मी म्हटलं, "मागची मुलं काय फर्निचर आहेत का, सर?" संगीताच्या बाई खोकल्याचं निमित्त करून बाहेर सटकल्या.

संतापले होते, पण बरं वाटलं. कोणीतरी बोलायलाच हवं होतं.

मंगळवार, १५ जुलै

फळा पुसायला डस्टर नाही, खडू नाही. ओढणीने पुसला! कोणाशी बोलू नये असा दिवस.

गुरुवार, १७ जुलै

बाबांच्या डोळ्याचं ऑपरेशन मागच्या आठवड्यात झालं. मला आज कळतंय! फोनवर दादा म्हणतो, "तू शाळेच्या व्यापात. उगाच तुझ्या डोक्याला ताप कशाला, म्हणून सांगितलं नाही." माझ्या डोक्याचं मी बघेन ना. मला काय झेपतं ते परस्पर ठरवून टाकायचं आणि वर उपकार केल्यासारखं बोलायचं. बाबांनाही म्हणे बजावून ठेवलं होतं.

फोन आपटला. नवरा म्हणाला, "अगं, चांगल्यासाठीच केलं त्याने." त्याला म्हटलं, आज तुझं तूच वाढून घे.

शुक्रवार, १८ जुलै

सतरा नंबर तासभर माझ्या हाताकडे बघत असते. फळ्याकडे नाही, पुस्तकाकडे नाही. मी प्रश्न टाकला की ओठ हलतात, डब्यात हात घातला की थांबतात. नंबर वाचला की मान खाली.

वाटलं, हिला काहीतरी काम द्यावं, म्हणजे बाजूला पडल्यासारखं वाटणार नाही. सुट्टीनंतर वह्या कपाटात लावायला सांगितल्या आणि मी ऑफिसात गेले. आले तोवर वह्या नंबरवार लागलेल्या. शाब्बास म्हटलं. बघितलंही नाही माझ्याकडे. एवढं करते तिच्यासाठी, आणि हे!

सोमवार, २१ जुलै

उद्या पर्यवेक्षिकाबाई पुन्हा येणार. येऊ देत.

शाळा सुटल्यावर ती टेबलाशी येऊन उभी राहिली. बराच वेळ लागला तिला. "बाई... मा— माझी चिठ्ठी आहे ना डब्यात?"

"आहे की! निघत नाही, त्याला मी काय करू? नशिबाचा खेळ आहे तो."

मान हलवली आणि गेली. दप्तर आवरून मी निघाले. चिडले होते. तिच्यावर! कारण काय, ते लिहवत नाही.

मंगळवार, २२ जुलै

पर्यवेक्षिकाबाई शेवटच्या बाकावर. मी विचारलं, "ओले कपडे वाऱ्यात लवकर का वाळतात?" पाचपर्यंत मोजलं. चिठ्ठी काढली. सतरा. कागद कॅलेंडरचा नव्हता, वहीचा होता, रेघांचा. अक्षर माझं नव्हतं. ती घडी करून दुसरी काढली. सतरा. तिसरी — सतरा. डबाभर सतराच.

मान वर केली तर ती कधीची उभी होती. 'बाष्पीभवना'च्या 'ब'वर अडली, थांबली, पुन्हा धरला आणि पूर्ण उत्तर दिलं. वेळ लागला. कोणी हसलं नाही, आणि मी मध्ये बोलले नाही.

तासानंतर पर्समधली चिठ्ठी तिच्यासमोर ठेवली. ती म्हणाली, "मो— मोजल्या होत्या मी, बाई. शुक्रवारीच. एक्केचाळीस होत्या."