खिडकीखालचं गवत

प्रिय ताई,

तुला आणि भाऊजींना नमस्कार. गुडघा कसा आहे ते खरं सांग. (मागच्या पत्रात "बरा आहे" लिहिताना तुझं अक्षरसुद्धा लंगडत होतं.)

शाळेच्या हिरवळीवरची ती पाटी आठवते? 'गवतावर चालू नये.' आपण अर्थातच चाललो नाही. बूट फरशीवर काढून ठेवले आणि लोळलो. मोठ्या सिस्टर खिडकीतून म्हणाल्या, "मुलींनो, देव बघतो आहे," तर तू पुटपुटलीस, "त्यालाही बोलवा की!" उठताना तू जाहीर केलंस, की मोठी झालीस की तुझ्या दारात असं गवत असेल आणि पाटी नसेल. मग लग्न होऊन तू वरच्या मजल्यावर राहायला गेलीस, आणि ते गवत माझ्या गळ्यात पडलं.

आईने विणलेला क्रोशाचा पलंगपोस तू नातीच्या नव्या घरासाठी मागितला आहेस. प्रवास झेपत नाही, पार्सलने पाठव म्हणतेस. तो आहे, छान अंथरलेला आहे. त्याकडे येतेच, आधी गवताचं ऐक.

हे निवृत्त झाल्यावर घेतलेल्या या घराचं आवार एवढं मोठं आहे, की पोस्टमन फाटकात दिसला म्हणून चहाचं आधण ठेवावं, तर तो दारात येईतो चहा गाळून होतो. पण आवारात नुसती धूळ. मी म्हटलं, हिरवळ करू. तयार गवताच्या गुंडाळ्या मिळतात, पण जन्मभर रेल्वेचे रूळ घातलेल्या माणसाला तयार वस्तूचा रागच असतो. "बी पेरायचं!" झालं. खुंट्या आल्या, दोऱ्या आल्या, पातळी बघायची पाण्याची नळी आली. जमीन इतकी सपाट झाली, की वरून मालगाडी गेली असती. आणि एवढं सगळं करून पेरणी केली ती भर वाऱ्यात! हे पुढे मुठी उधळत होते आणि बी मागे जात होतं. परिणामी आमच्या खडीच्या वाटेवर आणि शेजारच्या कर्नलसाहेबांच्या कुंड्यांत आज फार सुंदर गवत आहे. (ते कर्नल नाहीत. नुसती मिशी आहे.)

दुसऱ्यांदा वारा पडल्यावर पेरलं, तर पाखरं आली. चिमण्या, साळुंक्या, मग सहकुटुंब कबुतरं. यांनी टाळ्या वाजवल्या. कबुतरांना तो सत्कार वाटला. माळी म्हणाला, "बाई, काहीतरी झाका. नाहीतर पाखरंच उगवतील." घरातल्या जुन्या चादरी, पडदे, सगळं अंथरलं, तरी माझ्या खिडकीखालचा चौकोन उघडाच. कबुतरं तर कठड्यावर बसून वाटच बघत होती. त्या घाईत घरातली एक जाळी पसरली, आणि त्याच संध्याकाळी मी तापाने आडवी झाले, ती चांगली पंधरवडाभर.

उठून बघते तो यांनी चादरी काढलेल्या, आणि सगळीकडे बाळाच्या जावळासारखी मऊ हिरवी लव. खिडकीखाली तर सगळ्यांत दाट. जो येईल त्याला हे तेच दाखवतात. मला म्हणाले, "ती जाळी उत्तम निघाली. मुद्दामच काढली नाही. कुठून आणलीस?" मी म्हटलं, "घरातच होती." (खोटं बोलू नये एवढंच सिस्टरांनी शिकवलं होतं. न विचारलेलं सांगावं, असं नव्हतं शिकवलं.)

एकूण मी सुखात आहे. लहानांना आशीर्वाद.

तुझी,
धाकटी

ता. क. ताई, जाळी म्हणजे आईचा पलंगपोस. ओरडू नकोस, भाऊजी काय झालं म्हणून विचारतील. विणीच्या भोकाभोकातून गवत वर आलं आहे. एक कोपरा उचलून पाहिला, तर खालची मातीच उठायला लागली. ओढला तर फाटेल, राहू दिला तर कुजेल. आणि यांना लग्नाला इतकी वर्षं होऊनही तो पलंगपोस ओळखू आला नाही, याचा राग धरावा की आभार मानावेत, तेही ठरत नाही. पण सकाळी दव पडलं की गवतातून आईची पांढरी फुलं दिसतात, आणि मग वाईट वाटायचं राहूनच जातं.

आणखी एक ता. क. पलंगपोस तुझाच आहे, मी अडवत नाही. फक्त त्याचं पार्सल होत नाही. तेव्हा तो आहे तोवर तूच ये. भाऊजींना गाडी थेट आत आणू दे. गाडीपासून गवतापर्यंत पायरी नाही, उंबरा नाही. यांच्या नळीचा तेवढा उपयोग झाला. बूट फरशीवर काढायचे. उठायचं कसं ते मग बघू. माळी आहे, कर्नलसाहेब आहेत.

आता कुणाला काय द्यायचं ते नीट वाच. सोबतची बियांची पुडी भाऊजींना. वाऱ्याकडे पाठ करून पेरा म्हणावं. नातीला मी स्वतः विणलेला टेबलक्लॉथ देईन. एक कोपरा वाकडा आहे, हल्ली असंच असतं म्हणून सांग. सुनेला पत्र माझ्या सहीपर्यंतच वाचून दाखव, पुढचं कुणालाही नको. आणि खिडकीखालचा तो चौकोन तुला. पाटी लावलेली नाही.