भिंतीवरचा रेडा

९ ऑगस्ट, शुक्रवार

भिंत संपली एकदाची! सुपरवायझर मॅडमचा आदेश होता – अंगणवाडीच्या भिंतीवर प्राणी काढा, पोरांना ओळखता आले पाहिजेत. नुसते उभे प्राणी काढायचा कंटाळा आला, म्हणून मी प्राण्यांची ग्रामसभाच काढली. खुर्चीत रेडा, पाय टेबलावर, शिंगांना गॉगल. फाईल धरलेला कोल्हा. समोर मेंढरं, सगळ्यांचा एकेक पाय वर.

गावाच्या सरपंच कोकिळाबाई, पण खुर्चीत कायम त्यांचे मालक दत्तराव. अंगणवाडीला नळ मागायला मी तीनदा गेले, तिन्ही वेळा ते असेच बसले होते. डोक्यावर गॉगल. "बघू" म्हणाले.

कोण ओळखतंय!

१२ ऑगस्ट, सोमवार

पोरांना भिंतीसमोर बसवलं. रेड्यावर छडी ठेवून विचारलं, हे कोण? चार वर्षांची राजेश्री उठली – "दत्तमामा!" मग सगळी पोरं एका सुरात, दत्तमामा, दत्तमामा! मदतनीस बायनाबाई खिचडी वाढता वाढता हसल्या, अन् पटकन रस्त्याकडे कुणी आहे का बघितलं.

१३ ऑगस्ट, मंगळवार

"पारावर तेच चाललंय. कुणीतरी फोटू ग्रुपवर टाकलाय," बायनाबाई म्हणाल्या. रॉकेल लावून घासून पाहिलं. ऑइलपेंट कसला निघतोय! गॉगल तेवढा फिसकटून डोळ्यांवर ओघळला, डोळे बारीक झाले – आता तर लयच दत्तरावांसारखा दिसतोय.

रात्री घरी परमेश्वर जेवला नाही. "मी त्यांचंच ट्रॅक्टर चालवतोय, इसरलीस का?" एवढंच बोलला. नवऱ्याचं बरोबर आहे. मला कुणी सांगितलं होतं शहाणपण करायला?

१४ ऑगस्ट, बुधवार

दत्तरावांचा निरोप – "उद्याच्या ग्रामसभेत तुमचा विषय घ्यायलोत." म्हणजे मला काढायचा ठराव. अकरा वर्षं झाली या नोकरीला.

परमेश्वरनं चुना कालवून ठेवलाय. पण पुसलं तर कबूल केल्यासारखं, अन् ठेवलं तर सभेला बसलेल्या सगळ्यांच्या समोर. सभा आमच्याच पटांगणात असते. खूप भीती वाटतेय.

१५ ऑगस्ट, गुरुवार

झेंड्याच्या आधीच कोकिळाबाई आल्या. एकट्या. मी चुन्याची बादली उचलली, म्हटलं, आत्ता पुसते. त्यांनी हातानंच थांबवलं. भिंतीजवळ जाऊन एकेक प्राणी बघितला. मेंढरंसुद्धा.

"आज सभेत खुर्चीवर मी बसणार हाय," त्या म्हणाल्या. "तुझा इषय माझ्यापुढंच येणार." मग भिंतीकडे बोट केलं. "रेणुका, सरपंच मी हाय ना? ह्याच्यात मी कुठंय?"

मी त्यांना काढलंच नव्हतं. मेंढरांतसुद्धा नाही.