टाचण्यांचं चुंबक

१२ जानेवारी

चि. मास्तरीणबाईंस अनेक आशीर्वाद.

वाईट बातमी असती तर कळली असती, या हिशेबाने तू खुशाल आहेस असं धरते. फोन नानांच्या खुर्चीला लागून आहे आणि सांगायचंय ते त्यांच्याबद्दलच, म्हणून हे पत्र.

नाना पुन्हा निघून गेले होते. मी पुढच्या खोलीत पडद्यांची ऑर्डर शिवत होते. मागच्या दाराची कडी कधी निघाली, मशीनच्या आवाजात कळलंच नाही. मागच्यासारखेच कॉलेजच्या फाटकाशी सापडले. प्रयोगशाळेची किल्ली घरी राहिली, असं पहारेकऱ्याला सांगत होते. निवृत्त होऊन किती वर्षं झाली! पहारेकरी भला माणूस, त्याने खुर्ची दिली. पण रोज असा भला माणूस कुठून आणायचा? दाराला कुलूप लावायला माझा हात धजत नाही. नाना बरे असतात तेव्हा इतके बरे असतात, की कुलूप बघून मीच शरमेन. आणि शिवण सोडून पहाऱ्याला बसले तर घर चालायचं नाही. एवढी पोरं शिकवतेस, मलाही काहीतरी सुचव.

लोभ आहेच. तो वाढवायला सवड झाली तर कळव.

तुझी ताई


२० जानेवारी

ती. ताईस सा. न. वि. वि.

पत्र वाचून काळजी वाटली. उपाय सोपा आहे. माझा जुना कॉम्प्युटर तुझ्या खोलीत पडून आहे ना? त्याच्या पाठीमागे प्रिंटर लावायचं रुंद पोर्ट आहे, त्याला पॅरलल पोर्ट म्हणतात. मागच्या दाराच्या चौकटीवर काचेच्या नळीतला एक छोटा स्विच बसवायचा आणि दारावर चुंबक. दार बंद असलं की चुंबक जवळ, स्विच जोडलेला. दार उघडलं की चुंबक लांब, स्विच तुटला, आणि कॉम्प्युटर घंटा वाजवणार. प्रोग्रॅमची फ्लॉपी सोबत पाठवते आहे.

आता महत्त्वाचं. बाहेरची कुठलीही तार पोर्टला थेट लावायची नाही. त्याला पाच व्होल्टच्या वर सोसत नाही, नाजूक जीव आहे. दारापासून येणाऱ्या लांब तारेत काय शिरेल याचा भरवसा नाही. म्हणून मध्ये पाठवलेली काळी चिप घाल. तिच्या एका बाजूला बारीक दिवा आहे आणि दुसऱ्या बाजूला तो दिवा बघणारा डोळा. निरोप उजेडाने पलीकडे जातो, वीज जात नाही. दिव्याच्या आधी वीज आवरणारा रेझिस्टर हवाच, नाहीतर दिवा जळेल. दाराच्या बाजूला वेगळा अडॅप्टर लाव. आणि जोडणी करताना कॉम्प्युटर बंद ठेव, चालू असताना हात लावू नकोस. पुढच्या तीन पानांवर आकृत्या आहेत. पोर्ट जळलं तर मदरबोर्डच गेला असं समज, म्हणून जिवापाड जप.

नानांनाही जप. मला परीक्षांमुळे यायला जमणार नाही. तुझा लोभ माझ्या गैरहजेरीवर रुसू नये.

धाकटी


९ फेब्रुवारी

चि. मास्तरीणबाईंस आशीर्वाद.

चार पानं कॉम्प्युटरला आणि अर्धी ओळ बापाला. पुढच्या जन्मी मला पोर्ट कर म्हणावं देवाला, निदान कोणी जिवापाड जपेल.

आकृती बघून बसले. ब्लाउजची बाही उलटी लागली तर उसवता येते, ही चिप कशी उसवायची? तरी लावलं. लाल तारेला लाल, काळीला काळी, आणि उरलेल्या दोन काळ्या तारा वेगवेगळ्या लोंबत होत्या त्या नीटनेटक्या एकाच स्क्रूखाली आवळल्या. तेवढ्यात नाना मागे येऊन उभे. मी म्हणाले, चोरांसाठी घंटा करतेय. त्यांनी चष्मा पुसला, आकृती पाहिली आणि पोट धरून हसले. म्हणाले, दिव्याकडची काळी आणि डोळ्याकडची काळी एकत्र बांधलीस तर मध्ये चिप कशाला घातली? दोन घरांमध्ये भिंत बांधायची आणि भिंतीतच दार ठेवायचं! मग मला उठवून स्वतःच बसले. दोन दिवस तारांना कथलाचे डाग दिले, मोजलं, पुन्हा काढलं, पुन्हा लावलं. हात जराही थरथरत नव्हता. जेवायला बोलवावं लागत होतं. किती महिन्यांनी असे नाना बघितले! मला रडू आलं, ते मशीनमागे लपवलं.

तर घंटा तयार आहे. चोराच्या हाती किल्ल्या म्हणतात तो हा प्रकार, पण त्यांना कुठे माहीत आहे? या गडबडीत माझं टाचण्या गोळा करायचं चुंबक मात्र हरवलं. टाचण्या पायात घुसतायत.

लोभ कर, पण चार पानांत नको.

ताई


१ मार्च

चि. धाकटीस आशीर्वाद.

आज डोकं जागेवर आहे, तेवढ्यात लिहून घेतो. हे पत्र ताईला दाखवू नकोस.

तुझी मांडणी चांगली आहे. अक्षर अजून वाईटच आहे. मागच्या दाराला आतून कडी असते. ती काढून जाणारा या घरात एकच चोर आहे, हे मला पहिल्याच संध्याकाळी कळलं. राग आला होता. मग वाटलं, घंटा माझ्यासाठीच आहे तर ती मीच नीट बसवलेली बरी. निष्काळजी काम मला कोणाचंच चालत नाही, माझ्यावरच्या पहाऱ्याचंसुद्धा नाही.

आता खरी गोष्ट. स्विचला दारावरचं चुंबक आणि दुसरं चुंबक यातला फरक कळत नाही. ताईचं टाचण्यांचं चुंबक माझ्या खिशात आहे. ती शिवायला बसली की ते चौकटीवर नळीजवळ चिकटवतो, दार उघडतो, फाटकापर्यंत चक्कर मारतो, परत येऊन कडी लावतो आणि चुंबक खिशात टाकतो. घंटा गप्प.

लबाडी म्हणशील. पण विचार कर. ही युक्ती मला आठवते तोवर परतीचा रस्ताही आठवतो. ज्या दिवशी युक्ती आठवणार नाही, त्या दिवशी घंटा वाजेल. तेव्हा मला थांबवायलाच हवं. यापेक्षा चोख परीक्षा मी आयुष्यभरात काढली नाही. मला भीती वाटते, हे तुला सांगतो, तिला सांगू शकत नाही. घंटा वाजली, असं ताईने कळवलं की आकृती पाठवू नकोस. तू ये.

तुझ्यावर लोभ होता, आहे. पुढे विसरलो तर मनावर घेऊ नकोस.

नाना


९ मार्च

ती. नानांस शि. सा. न.

ताईला काही सांगणार नाही. तुमच्या मांडणीत चूक शोधत तीन रात्री घालवल्या, सापडली नाही. घंटा वाजली की मी निघेन. तोवर फाटकावरच्या पहारेकऱ्याला माझा नमस्कार सांगा.

तुमचा लोभ माझ्याकडे जपून ठेवते.

धाकटी


१८ जून

चि. मास्तरीणबाईंस आशीर्वाद.

अभिनंदन! तुझी घंटा वाजली. इतके महिने ढिम्म होती, मला वाटलं आकृतीच फसली. काल दुपारी मी काजं करत होते आणि एकदम असा टाहो फोडला तिने, की सुई बोटात गेली. धावले. नाना उंबरठ्यात उभे, कानांवर हात ठेवून. हा आवाज कसला, म्हणून मलाच विचारत होते. मी दार लावलं आणि त्यांना आत आणून बसवलं. एरवी चार महिन्यांत एकदाही बाहेर पडले नाहीत, त्यामुळे मी अगदी निर्धास्त होते. यंत्राने वेळेवर काम केलं. तुझी विद्या कामी आली, मानलं तुला.

आणखी एक आनंदाची बातमी. त्यांचा सदरा धुवायला काढला तर खिशात माझं टाचण्यांचं चुंबक! हे तुमच्याकडे कसं, म्हणून विचारलं. त्यांनी उलटसुलट करून पाहिलं आणि माझ्या हातात दिलं. तुझ्या कामाचं असेल, ठेव, म्हणाले.

सगळ्या टाचण्या उचलून झाल्या. तुझा लोभ मात्र अजून पोस्टानेच येतोय.

ताई


२३ जून

ती. ताईस सा. न. वि. वि.

उद्याच्या पहिल्या गाडीने निघते आहे. परतीचं तिकीट काढलेलं नाही. कारण समोर बसून सांगेन.

मी पोचेपर्यंत एक कर. चुंबक नानांच्या खिशात परत ठेव.

धाकटी