लॅपटॉप मी बघतो

दादा,

जेवण झाकून ठेवलंय, गरम करून घे.

काल माझ्या पहिल्याच डीजे कार्यक्रमात गाणी अडखळली, कारण लॅपटॉप बॅटरी सेव्हरवर होता. मी तो कधीच लावत नाही. ‘तू तयार हो, लॅपटॉप मी बघतो,’ असं तूच म्हणाला होतास. मग देवासारखा धावून आलास आणि तुझ्या लॅपटॉपवरून कार्यक्रम सावरलास. तुझा लॅपटॉप मात्र आधीच मिक्सरला जोडलेला होता, पुढचं गाणंही लावून तयार. देवाची तयारी दांडगी!

मी पासवर्ड बदललाय. शनिवारच्या कार्यक्रमाला मी एकटीच जाईन.

आई सकाळपासून शेजारणीला सांगतेय, ‘भाऊ असावा तर असा!’ शेजारणीने माझ्याकडे बघितलं, तेव्हा मी मान डोलावली.