पाचारण, पाच जण आणि पैकीच्या पैकी

बुधवार, दुपारची सुट्टी

आदरणीय आत्या यांस,
प्रभूच्या नावाने तुमच्या धाकट्या भाचीचा सलाम.

तुमचे गुडघे, तुमची झोप आणि तुमच्या गॅलरीतील कुंड्या ही तिन्ही सुखरूप असतील अशी आशा करते. आमच्याकडे आईची पाठ बरी आहे, बाबांचा खोकला जुनाच आहे आणि माझी प्रकृती उत्तम आहे (प्रकृतीखेरीज माझे बाकी सर्व बिघडलेले आहे, ते पुढे येईलच). पत्राचे पहिले कारण म्हणजे एक दुरुस्ती. गेल्या शनिवारी मी फोनवर तुम्हाला जे सांगितले ते "मला पाचारण झालंय असं सगळे म्हणतात" असे होते. तुम्ही ऐकलेत "पाच जण". मग तुम्ही "पाच जण येतायत? मुलगा काय करतो?" असे विचारलेत, मी "नाही हो आत्या" म्हटले, तुम्ही "नाही कसं? सव्वीस पूर्ण झाली!" असे म्हणून फोन ठेवलात. त्यानंतरच्या चार दिवसांत मला तीन मावश्या, एक चुलते आणि पूर्वी शेजारी राहणाऱ्या काकू यांचे अभिनंदनाचे फोन आले. तेव्हा आता लेखी कळवते की मला पाहायला कोणीही येत नाही. मुलगा नाही. मुलगा असता तर बरे झाले असते असे म्हणण्याची पाळी माझ्यासारखीवर यावी, यावरूनच प्रकरणाचे गांभीर्य ध्यानी घ्यावे.

प्रकरण असे आहे की येत्या रविवारी, उपासनेत, सगळ्या मंडळीपुढे उभे राहून मला साक्ष द्यायची आहे. विषय, "प्रभूने मला सेवेसाठी कसे पाचारण केले". साक्ष संपली की पवित्र शास्त्राच्या दोन वर्षांच्या निवासी शिक्षणाचा सही केलेला अर्ज पाळकसाहेबांच्या हाती द्यायचा, आणि पुढच्या महिन्याच्या एक तारखेला नोकरी सोडून निघायचे. यात अडचण एकच, पण ती मोठी आहे: मला पाचारण झालेले नाही. (हा शब्द मी लहानपणापासून दोनच ठिकाणी पाहिला आहे, एक प्रवचनात आणि दुसरा वर्तमानपत्रात. वर्तमानपत्रात अग्निशमन दलाला पाचारण होते, नाहीतर श्वानपथकाला. ती बिचारी लगेच निघतात, कारण त्यांना नेमके कुठे जायचे ते सांगितलेले असते. मला पत्ता नाही, घंटा नाही आणि वासही लागत नाही.)

तुम्ही विचाराल, मग लोकांना असे वाटलेच का? आत्या, याला माझे शिक्षण कारणीभूत आहे. दोन महिन्यांपूर्वी उपासनेनंतर पाळकसाहेबांनी सर्व तरुणांना एक प्रश्नावली वाटली: "देवाने तुम्हाला कशासाठी निर्माण केले आहे? शोधा!" एकूण ऐंशी विधाने होती. प्रत्येकापुढे शून्य ते पाच गुण मांडायचे. 'मुळीच लागू नाही' म्हणजे शून्य आणि 'पूर्णपणे लागू' म्हणजे पाच. त्यावरून आतिथ्य, सांत्वन, शिकवणे वगैरे नऊ दानांपैकी आपल्याला कोणते मिळाले आहे ते कळते. आता मी आयुष्यात प्रश्नपत्रिका हाती आली की दोनच गोष्टी करत आले आहे. प्रश्न सोडायचा नाही, आणि परीक्षकाला काय हवे ते ओळखायचे. "अनोळखी माणसांना भेटून मला आनंद होतो." ओळखीचे माणूस दिसले तरी गल्ली बदलणाऱ्या मी तिथे पाच लिहिले, कारण उघडच ते आदर्श उत्तर होते. "आजाऱ्यांजवळ बसले की मला योग्य शब्द सुचतात." पाच. "मी पुढाकार घेते." पाच. शेवटचे विधान होते, "वरील उत्तरे मी कोणाला बरे वाटावे म्हणून दिलेली नाहीत." तिथेही पाच! शिवाय वेळ उरला म्हणून मी त्या प्रश्नावलीतील शुद्धलेखनाच्या चौदा चुका समासात दुरुस्त केल्या, आणि त्याला नंतर 'आस्था' असे नाव देण्यात आले.

नऊच्या नऊ दानांत पैकीच्या पैकी. बाकीच्यांना कुठे तीस, कुठे चाळीस टक्के होते. चर्चच्या राखणदारांना पेन अडल्यामुळे दीड पानातच 'संयम' हे दान निघाले. पाळकसाहेबांनी माझ्या गुणांची बेरीज दोनदा करून पाहिली. मग म्हणाले, "बेटा, बावीस वर्षांच्या सेवेत मी असं पाहिलं नाही." मी मान खाली घातली. ते नम्रता समजले. त्या क्षणी मी "साहेब, मी खोटं लिहिलंय" एवढे चार शब्द बोलले असते तर हे पत्र चार ओळींत संपले असते. परंतु बोलायचे म्हणजे मान वर करावी लागते, आणि माझे सारे आयुष्य तिथेच अडते.

पुढे त्यांनी माझ्या दानांचा उपयोग सुरू केला. पहिल्यांदा मला सांत्वनासाठी पाठवले. आमच्या ऑर्गन वाजवणाऱ्या बाई पाय मोडून घरी होत्या. मी गेले, खुर्चीवर बसले, आणि मला एकही शब्द सुचला नाही. पाऊण तास मी त्यांच्या पायाच्या प्लास्टरकडे पाहत होते. सुरुवातीला त्याच मला काहीबाही सांगत होत्या, मग गप्प झाल्या, मग त्यांचा चेहरा उतरत गेला. शेवटी त्यांनी माझा हात धरून विचारले, "खरं सांग, डॉक्टर माझ्यापासून काही लपवतायत का?" मी नाही म्हणायच्या ऐवजी रडले (त्या विचारत होत्या म्हणून नव्हे, माझी मला लाज वाटली म्हणून). त्या संध्याकाळी त्यांनी परगावी असलेल्या दोन्ही मुलांना बोलावून घेतले. सात दिवसांनी त्या बाई कुबड्या घेऊन चालू लागल्या, तेव्हा मंडळीत साक्ष झाली की माझ्या भेटीने गुण आला. म्हणजे आता आरोग्यदानही माझ्याच खात्यावर.

आतिथ्याचे तुम्हाला आईने सांगितलेच असेल. पाळकसाहेबांचे पाहुणे आमच्याकडे जेवायला यायचे होते, दारावरची घंटा वाजली आणि मी न्हाणीघरात गेले, ती त्यांच्या प्रार्थनेला 'आमेन' झाल्यावर बाहेर आले. पाहुण्यांना वाटले, मुलगी आत एकांतात प्रार्थना करते आहे. आत्या, मी काहीही केले तरी त्याचा अर्थ चांगलाच लागतो. बुडणाऱ्याने हात हलवावेत आणि काठावरच्यांनी त्याला टाटा करावे, तसे माझे झाले आहे.

विनोद सोडून लिहायचे तर मी प्रार्थना केली आहे. खूप केली आहे. सकाळी केली, बसच्या रांगेत केली, उपास धरून केली. पलीकडून काहीच येत नाही. आमच्या श्रवणचाचणी केंद्रातील तपासणीच्या खोलीचे जाड दार लावले की कानांत जशी पोकळी होते, अगदी तशी शांतता. शास्त्रात एका लेकराला हाक आली तेव्हा ते तीनदा भलत्याच माणसाकडे धावत गेले, असे आपण शिकलो. पण त्याला निदान ऐकू तरी आले होते. त्या अर्जात एक चौकट आहे: "आपल्या पाचारणाचे वर्णन करा (दोनशे शब्दांत)." मी अकरा मसुदे लिहिले. अकराही उत्तम आहेत. एकात पहाट आहे, एकात अश्रू आहेत, एकात दोन्ही. आणि प्रत्येक वाचताना मला वाटते, जिने हे लिहिले तिला नक्की पाचारण झाले असणार. ती कोण, एवढेच मला ठाऊक नाही.

नकार द्यावा, तर बाबा आहेत. तुम्ही त्यांच्या थोरल्या बहीण, तुम्हाला काय सांगावे. माझ्या वयाचे असताना त्यांना याच शिक्षणाला जायचे होते आणि आजोबांच्या घड्याळांच्या दुकानाने जाऊ दिले नाही. ते कधी बोलले नाहीत. पण गेल्या आठवड्यात त्यांनी माझ्यासाठी चाकांची बॅग आणली आहे, आणि चाके नीट फिरतात की नाही हे पाहण्यासाठी ती रोज एकदा बाहेरच्या खोलीतून स्वयंपाकघरापर्यंत फिरवून आणतात. काल ती रिकामी बॅग ओढताना ते गुणगुणत होते. मी वर्तमानपत्र तोंडासमोर धरले (त्यात श्वानपथकाला पाचारण झाले होते).

आता सोमवारचे लिहिते. आमच्या श्रवणचाचणी केंद्रात (लोक 'कानाच्या मशीनचं दुकान' म्हणतात) माझे काम काय, ते तुम्ही अनेकदा विचारले आहे, पण तुम्हाला ऐकू आलेले नाही. माणसाला बंद खोलीत बसवून कानांवर हेडफोन लावायचे, हाती बटन द्यायचे आणि काचेबाहेरून बारीकबारीक आवाज सोडायचे. ऐकू आले की त्याने बटन दाबायचे. माझ्या टेबलावर हिरवा दिवा लागतो. मी त्याचा आलेख काढते. सोमवारी एक निवृत्त मुख्याध्यापक सुनेबरोबर आले. कडक इस्त्रीचा शर्ट, खिशाला दोन पेने. त्यांना मी मनात हेडसर म्हटले. सून म्हणाली, "काहीही विचारा, हो म्हणतात बघा. परवा भंगारवाल्याला हो म्हणाले, माझं शिलाई मशीन गेलं!" हेडसरांनी यावरही मान डोलावली, "हो, हो."

त्यांना आत बसवून मी बाहेर येते तो हिरवा दिवा लागला. मी अजून एकही आवाज सोडला नव्हता. मग तो लागतच राहिला. आवाज सोडा, नका सोडू, सर शांतपणे, ठरावीक अंतराने, हस्ताक्षर काढावे तसे बटन दाबत होते. आलेख निघाला तो वीस वर्षांच्या तरुणाचा. अशा वेळी खरे तर आतल्या ध्वनिक्षेपकावरून सूचना द्यायची असते. मी मात्र दार उघडून आत गेले आणि त्यांच्या कानाशी ओरडून बोलले. (होय, मी. ओरडून.)

"सर, ही परीक्षा नाही!"

"मग तुम्ही लिहून काय घेताय?"

मी आलेखाचा कागद पाठीमागे धरला. मग ते हळूच म्हणाले, "नापास नका करू हो. आमची ही गेली त्या वर्षी फार बोलायची. मला कळायचं नाही. आता दर वेळी काय 'काय? काय?' करायचं, म्हणून मी आपला हो म्हणायचो. शेवटी शेवटी काहीतरी विचारत होती सारखी. काय ते माहीत नाही. मी हो म्हटलंय, एवढं नक्की."

आत्या, त्या खोलीत आवाज पोहोचत नाही हे तुम्हाला सांगितलेच. तरी मला माझी ऐंशी विधाने एकामागून एक ऐकू आली. मी खाली वाकून म्हटले, "सर, नाही ऐकू आलं तर अंगठा उचलून धरायचा. तेही बरोबर उत्तर आहे."

"पूर्ण गुण?"

"पूर्ण गुण."

मी बाहेर येऊन पुन्हा आरंभ केला. यंत्र आवाज सोडत होते आणि दिवा लागत नव्हता. काचेपलीकडून सर माझ्याकडे पाहत होते, भेदरलेले, अंगठा वर धरून. आलेख खाली खाली उतरत गेला. फार वाईट आलेख होता, आणि खरा होता. आता त्यांच्या कानाचे यंत्र त्या आलेखाप्रमाणे होईल. सुनेचे काय म्हणणे आहे ते त्यांना ऐकू येईल (बिचारे).

हे मी आईला सांगितले तर ती म्हणाली, "अगं, हेच ते पाचारण!" पाळकसाहेबांना कळले तर ते त्यावर तीन मुद्द्यांचे प्रवचन करतील. परंतु मला तसे म्हणण्याचा धीर होत नाही. मला इतकेच वाटले की ही खोली सोडून जाऊ नये. ही हाक आहे की मानेला लागलेली नेहमीची खोड, ते मला सांगता येत नाही. आणि एकदा खोटे पाच लिहून बसलेल्या माणसाने या वेळी तरी घाईने बटन दाबू नये. म्हणून रविवारी मी साक्ष द्यायला उभी राहणार आणि म्हणणार आहे, "मला अजून ऐकू आलेले नाही. मी खोटे गुण लिहिले होते." दोनच वाक्ये आहेत. सराव करताना मी पहिल्याच वाक्यावर दोनदा खाली बसले. त्यानंतर बाबांच्या बॅगेकडे कसे पाहायचे, ते ठरलेले नाही.

आपली प्रकृती सांभाळावी, आणि जी कोणती प्रार्थना तुम्ही माझ्या लग्नासाठी सुरू केली असेल ती कृपया या कामी वळवावी.

सर्वांना भिऊन असलेली,
तुमची भाची

ता. क. : हे पत्र अकरा मसुद्यांच्या कोऱ्या बाजूंवर लिहिले आहे. मागची बाजू वाचू नये. ती फार चांगली आहे.

ता. क. दुसरा : पत्राचे खरे कारण वर लिहायचे धाडस झाले नाही. रविवारी सकाळी तुम्ही यावे आणि पहिल्या बाकावर बसावे. कानाचे जे यंत्र मी तुम्हाला पाठवले आणि जे डबीसकट कपाटात आहे, ते तसेच राहू द्यावे. एवढ्या मंडळीत ज्या एका माणसाला माझे बोलणे ऐकू येणार नाही, त्याच्याकडे पाहून कदाचित मला ते बोलता येईल.

ता. क. तिसरा : आत्ताच आईचा फोन आला. तुमच्या निरोपावरून खरोखरच पाच जण रविवारी मला पाहायला येत आहेत. बाबांना त्यांना नको म्हणवले नाही (हे आमच्या घराण्यातच आहे). ते सरळ उपासनेलाच येतील. मुलगा काय करतो, ते कोणी विचारलेले नाही.

ता. क. चौथा : पाकीट चिकटवले होते, ते पुन्हा फोडून लिहिते. यंत्र घालूनच या. बाबा खिडकीकडे पाहत बसतील, पाच जण एकमेकांकडे पाहतील, आणि मी काय म्हणाले ते निदान कोणीतरी नीट ऐकलेले असावे. उजव्या कानाचे लाल खुणेचे आहे. बाहेर पडल्यावर मी तुम्हाला विचारेन, "ऐकू आलं का?" आले नसेल तर, आत्या, हो म्हणू नका.