कमरेइतका शेवगा

१२ मे
आक्का उदगीरहून आली. पिशवी खाली ठेवायच्या आधी दारातल्या शेवग्याकडं बघून म्हणाली, "अजून उभाच हाय का ह्यो?" सुमन जाऊन दहा महिने झाले. आक्काचं म्हणणं, दारात शेवगा असला की घरात माणूस टिकत नाही. वर्षश्राद्धाच्या आत तोडायचा. मी चहा ठेवला.

१३ मे
जेवताना पुन्हा तेच. "तुझी बायको रोज भाकरीत पाल्याची पावडर घालून खायची. काय झालं? गेलीच की."
कॅन्सर होता. पाल्यानं तो बरा होतो असं सु. कधी म्हणाली नाही. तिच्या अंगणवाडीत येणाऱ्या बायकांनाही सांगायची, गोळ्या दवाखान्याच्याच घ्या, हे अन्न आहे. चमचाभर वरणात, चमचाभर पिठात. लोह आहे, कॅल्शियम आहे, दारात फुकट आहे.
हे आक्काला म्हणायला हवं होतं. म्हणालो, "वरण वाढ."

१४ मे
आक्कानं परस्पर मारुतीला कुऱ्हाड घेऊन बोलावलंय. उद्या सकाळी.
झाड नीट बघितलं. फांद्या पार विजेच्या तारेला. सु. दरवर्षी ह्या दिवसांत कमरेइतका ठेवून छाटायची, म्हणजे पाला हाताला येतो. गेल्या वर्षी खुर्चीवर बसून छाटून घेतला. तिचं शेवटचं छाटलेलं म्हणून यंदा मी कुणाला हात लावू दिला नाही. चूक माझी. पाला आभाळात, बरणी रिकामी.

१५ मे
आक्का ओट्यावर. "मुळासकट काड रे, मारुती."
मी पुढं झालो. कमरेच्या पट्ट्याला हात लावला. "इथपर्यंत."
"काय करलालास रे? लोक हसतील."
"हसू दे."
"तुला बी न्हेईल हे झाड."
"न्हेऊ दे. मुळाला हात लावायचा नाही. घर माझं हाय."
शाळेच्या ऑफिसात तीस वर्षं काढली, एवढ्या मोठ्यानं कधी बोललो नाही. मारुती म्हणाला, "सर, पट्टा जरा खाली घ्या, लई वर चढलाय." हसू आलं. किती महिन्यांनी.
आक्का न जेवता गेली.

१६ मे
काल तोडलेल्या फांद्यांचा पाला अर्धा गच्चीवर घातला. तिथं मावला नाही तो आतल्या खोलीत, सु.च्या जुन्या साडीवर, पंख्याखाली.

१८ मे
गच्चीवरचा पाला तपकिरी, वाळल्या गवतासारखा. घरातला हिरवागार. ती सावलीतच वाळवायची. इतकी वर्षं तो पाला ओलांडून ये-जा केली, घरात का पसरतेस म्हणून कधी विचारलं नाही.
मिक्सर, मैद्याची चाळणी. अर्धी बरणी.

२१ मे
शेजारच्या नसरीनला सातवा महिना, रक्त कमी. पावडर घेऊन गेलो. सासू दारातच. "भाईसाब, लोगां क्या क्या बोलरे उस झाड के बारे में. रहने दो."
परत आलो. चमचाभर वरणात घालून खाल्ली. कडवट. रोज खाणार.

२८ मे
बुंध्याला चार कोंब.

९ जून
नसरीन स्वतःच आली. "काका, काकू द्यायच्या ती हाय का?"
"डॉक्टरीणबाईंना विचारलंस?"
"विचारले. भाजी समजून खा म्हणल्या."
"एक चमचा. गोळ्या सोडायच्या नाहीत."
"काकू बी असंच दटवायच्या."
डबी भरून दिली. सासूला माहीत आहे का, विचारलं नाही.

२ जुलै
फांद्या छातीपर्यंत आल्या. सकाळी पहिली तोडणी. दुपारी आक्काचा फोन.
"झाड गेलं का?"
"न्हाई. पहिल्यापेक्षा दाट झालंय."
"वर्षश्राद्धाला मी येऊ का नको?"
"ये. पानात शेवग्याची भाजी असणार. सुमनला आवडायची."
तिनं फोन ठेवला.
आतल्या खोलीत साडीवर पाला पसरलाय. आक्का आली तर निजायला तीच खोली. पाला उचलणार नाही.