बावीस बुचं

गगनबावडा,
१४ सप्टेंबर २०२५

॥ जय जिनेंद्र ॥

ती. अण्णांस,
आदितीचा शि. सा. न. वि. वि.

गाडीचा डावीकडचा, दाराखालचा लांब पोकळ पत्रा काल जॅक लावताना आत दबला. इथले मिस्त्री कृष्णात यांनी स्क्रू-ड्रायव्हर टोचून बघितला, तो मुठीपर्यंत आत गेला. पत्रा गंजून पापड झालाय हे त्यांनी दोनदा सांगितलं, आणि मी स्वतः बोट घालून खात्री केली. मला काही लागलेलं नाही. चाक पंक्चर झालं म्हणून गाडी उचलत होतो, एवढंच. तेव्हा काकूंना आधी हे वाक्य वाचून दाखवा आणि मग बाकीचं.

तीन वर्षांपूर्वी मला इथल्या जनावरांच्या दवाखान्यावर नेमणूक मिळाली, तेव्हा बाबांच्या माघारी त्यांची ही गाडी तुम्ही आठ दिवस शेडमध्ये ठेवून घेतलीत आणि खालून गंजरोधकाचे थर देऊन काळी कुळकुळीत केलीत. दहा वर्षं हिच्या पोटाकडं बघू नको, असं बजावलं होतंत. मी खरंच बघितलं नाही. कदाचित घाटातली खडी लागून असं झालं असेल.

कृष्णात विचारत होते की खालची भोकं बुजवली कुणी. विचारून सांगते, म्हटलं. चाळिशीचा माणूस आहे, बोलायला फटकळ, पण हात शांत आहे.

क्षमावाणीला येता आलं नाही. त्याच दिवशी एक म्हैस अडली होती. रेडकू आणि म्हैस दोन्ही वाचली. कानाचं मशीन लावता का? की अजून डबीतच आहे? तुम्ही फोनवर हं हं म्हणता आणि काहीच ऐकत नाही हे आम्हाला कळतं, म्हणून हा कागद एसटीच्या कंडक्टरकडं देत्येय.

काकूंना नमस्कार. तुमचा हात पाठीवर आहेच, तो असाच राहू दे.

तुमची,
आदिती

•

शुक्रवार पेठ, कोल्हापूर,
१८ सप्टेंबर २०२५

चि. आदितीस,
भूपाल अण्णाचे अ. उ. आ.

पत्र मिळालं. तुला लागलं नाही हे काकूला आधी वाचून दाखवलं. तरी तिनं दोन वेळा विचारलंच.

आता त्या कृष्णात की कोण त्याला माझा निरोप सांग. भोकं मी बुजवली. एकूण बावीस. प्रत्येकात रबरी बूच बसवलं, वर पुट्टी भरली आणि त्यावर तीन थर दिले. चाळीस वर्षं पत्रा ठोकून कान गेले आहेत माझे, हात नव्हेत. शाहूपुरीतले निम्मे डेंटर माझ्या शेडमध्ये शिकून गेलेत. मी केलेलं काम परत आलं असं अजून झालेलं नाही.

भोकं का बुजवली तेही सांग त्याला. २१ सालच्या पुरात गाडी आपल्या दारात उभी होती. काचा बंद, दारं बंद. पाणी वरनं आलं नाही, दारातनंही आलं नाही. खालनं आलं, भोकाभोकातनं, कारंज्यासारखं. सीटपर्यंत चढलं. त्या दिवशी मला यायला उशीर झाला. ते असू दे. तुझ्या बाबानं नंतर दोन महिने ती गाडी उन्हात उघडी टाकून वाळवली, पण वास गेला नाही. पुढच्या उन्हाळ्यात तुझ्या गाडीमागोमाग गल्लीतल्या नऊ गाड्यांनाही मी असंच काम करून दिलं. एकाचीही तक्रार नाही.

तेव्हा खडीनंच लागलं असणार. मी रविवारी, २८ तारखेला, पहिल्या एसटीनं डबा आणि ब्रश घेऊन येतो. भोक पडलंय त्यावर जाळी लावून दोन थर देतो. तोवर त्याला हात लावू देऊ नकोस.

मशीन डबीतच आहे. लावलं की भांड्यांचा आवाज मोठा येतो आणि माणसांचा बारीक. म्हैस वाचली हे बरं झालं. काकूनं भडंग आणि बिनलसणाची शेंगाची चटणी दिलीय. चटणी त्या कृष्णातला देऊ नकोस.

तब्येतीला जप. अधूनमधून अशी खरड पाठवत राहा.

तुझा,
अण्णा

•

गगनबावडा,
२२ सप्टेंबर २०२५

॥ जय जिनेंद्र ॥

ती. अण्णांस,
आदितीचा शि. सा. न. वि. वि.

रविवारी डबा आणू नका. मागच्या पत्रात मी खडीचं लिहिलं ते खरं नव्हतं. कृष्णातनी त्याच दिवशी खरं सांगितलं होतं, ते तुम्हाला लिहायला माझा हात धजला नाही. पण तुम्ही येऊन त्यावर पुन्हा थर दिलात, तर भोक झाकलं जाईल, मीही समाधानाने गाडी चालवत राहीन, आणि एखाद्या दिवशी मागच्या सीटवर आजारी वासरू असताना घाटात पत्रा सोडेल. म्हणून लिहिते.

तुमचं पत्र आलं त्या संध्याकाळी कृष्णातनी मागच्या एका भोकावरचा थर खरवडला आणि बूच ओढलं. पाणी आलं. आधी चहासारखं तांबूस, मग गढूळ. खाली दवाखान्यातली मापाची बादली ठेवली होती. साडेचार लिटर भरलं. ते थांबेपर्यंत कृष्णातचा चहा पिऊन झाला.

अण्णा, तुमचं चुकलं असं कसं म्हणू? कोल्हापुरात पाणी खालनं येतं, ते तुम्ही डोळ्यांनी बघितलं. इथं ते वरनं येतं. जून ते सप्टेंबर माझा टॉवेल वाळत नाही. काचेच्या रबरातनं पाणी दाराच्या आत उतरतं, माझ्या गमबुटांचं गाडीत निथळतं, आणि बाहेर जायची वाट म्हणूनच गाडी बनवणाऱ्यांनी ती भोकं ठेवलेली असतात. आपल्या गाडीत चार पावसाळ्यांचं पाणी आत येत गेलं आणि आतच राहिलं. बाहेरनं तुमच्या कामाला ओरखडासुद्धा नाही. कृष्णातनी त्यावरनं तळवा फिरवला आणि म्हणाले की असा एकसारखा हात त्यांनी बघितलेला न्हाय, ज्याचा हाय त्याला एकदा भेटायला पायजे.

रागवा, पण हत्यारं ठेवून देऊ नका. मला तेवढीच भीती वाटते. बाबा गेल्यावर तुम्ही त्या शेडवरच तगलात हे मला माहीत आहे.

उत्तराची वाट बघते. माया आटू देऊ नका.

तुमची,
आदिती

•

कोल्हापूर,
१ ऑक्टोबर २०२५

चि. आदितीस,
रत्नाबाई काकूचे अ. उ. आ.

मला काय तुमच्यासारखं नेटकं लिहिता येत न्हाय, बोलते तसं लिहिते. तुझं पत्र आल्यापासनं ह्यांचं तोंड बंद हाय. पत्र चार वेळा वाचलं, घडी केली, खिशात घातलं. रविवारी यायचं होतं, आले न्हाईत ते तू बघितलंसच. आज खंडेनवमी. दरवर्षी हातोड्या धुऊन, पुसून, हळदकुंकू लावून मांडतात. आज शेडचं कुलूपबी काढलं न्हाय. मी म्हटलं, मी लावते हळद, किल्ली द्या. तर म्हणतात कसं, त्या हातोड्यांनी लोकांच्या गाड्या बुडवल्यात.

पण परवाचं ऐक. सूर्य मावळायच्या आत ताटावर बसणारा माणूस सहा वाजून गेले तरी पत्त्या न्हाय. शोधत गेले तर गल्लीतल्या बाळासोंच्या दारात ही गर्दी. गाडीखालनं दोन पाय बाहेर आल्याले, चपला ओळखीच्या. बाळासोंच्या आक्का ओरडायला लागल्या, अण्णा पडले, रिक्षा बोलवा. ह्यांना काय ऐकूबी येईना. शेवटी मी पाय धरून ओढला तर बॅटरी दाताखाली धरून बाहेर आले आणि माझ्यावरच वैतागले. अडुसष्ट वर्षं वय, आणि ही तऱ्हा. त्या दिवशी उपास पडला.

गाडीखाली काय बघितलं ते मला सांगितलं न्हाय. तू बरोबर लिहिलंस, पोरी. पण आता तूच काय तरी कर. घरात एवढी शांतता मला सोसत न्हाय.

येताना दवाखान्याचे बूट बाहेर काढून ये. लई आठवण येते.

तुझी,
काकू

•

कोल्हापूर,
५ ऑक्टोबर २०२५

चि. आदितीस,
भूपाल अण्णाचे अ. उ. आ.

उत्तराला उशीर झाला. तीन पत्रं लिहून फाडली.

बाळासोंच्या गाडीचं एक बूच मी काढलं. दीड तांब्या पाणी निघालं. गंज नुकता धरलाय, पत्रा अजून दणकट आहे, वाचेल. म्हणजे तुझा कृष्णात बरोबर आहे. बाकीच्या आठांच्या घरीही मी जाऊन आलो. चिठ्ठी लिहून नेली होती, म्हणजे ते काय म्हणतात हे ऐकायची वेळ येऊ नये. पण काकूनं निघताना मशीन कानात बसवलं, म्हणून सगळं ऐकावं लागलं. दोघं हसले. एकानं चहा दिला. एकजण चिडला, आणि त्याचं चिडणं रास्त होतं. दरवर्षी क्षमावाणीला गल्लीभर हात जोडून क्षमा मागत फिरतो. तोंडपाठ शब्द आहेत, जीभच म्हणते. या वेळी प्रत्येक दारात जीभ अडली.

आता एक गोष्ट, जी काकूलाही माहीत नाही. पुराच्या दिवशी तुझ्या बाबानं, अभिनंदननं, मला चार वेळा फोन केला होता. मी शेडमध्ये पत्रा ठोकत होतो, मशीन डबीत. फोन खिशात वाजत राहिला. गाडी हलवायला बोलवत असणार, त्याला रिव्हर्स घेता यायची नाही त्या बोळात. मी पोचलो तोवर गाडी गेली होती. तो एक शब्द बोलला नाही. नंतरही नाही. सात महिन्यांनी तो गेला. तुझ्या गाडीची बुचं मारताना दर बुचाला तेच डोक्यात होतं, की आता कुणी फोन नाही केला तरी चालेल. हातानं विचार केला नाही, म्हणून चुकला.

रविवारी, १२ तारखेला, नऊही गाड्या शेडवर येणार आहेत. तुझी दहावी. तुझ्या गाडीचा कुजलेला पत्रा कापून नवा वेल्डिंग करून देतो, भोकांसकट. कृष्णातरावांना घेऊन ये. चूक आपल्या माणसानं दाखवलेली बरी. त्यांच्यासाठी चटणीची वेगळी पुडी बांधून ठेवायला काकूला सांगितलंय.

गाडी हळू आण. म्हाताऱ्यावरचा लोभ कमी करू नकोस.

तुझा,
अण्णा

•

गगनबावडा,
८ ऑक्टोबर २०२५

॥ जय जिनेंद्र ॥

ती. अण्णांस,
आदितीचा शि. सा. न. वि. वि.

त्या चार फोनांच्या वेळी मी बाबांच्या शेजारी बसले होते. तुम्ही विचारलं असतंत तर केव्हाच सांगितलं असतं.

ते गाडीसाठी फोन करत नव्हते. गाडीची आशा त्यांनी सकाळीच सोडली होती, किल्ली खिळ्याला अडकवून ठेवली होती. शाहूपुरीत पाणी झपाट्याने चढतंय असं कुणी तरी सांगितलं, आणि तुम्ही शेडमध्ये एकटे, मशीन डबीत. तुम्ही तिथनं निघावं म्हणून फोन होता. चौथ्यांदाही उचलला नाहीत तेव्हा बाबा म्हणाले की ह्या माणसाला पाणी पायाला लागल्याशिवाय कळायचं न्हाय, आणि जिन्यात येऊन बसले. तुम्ही मांडीपर्यंत भिजून दारात आलात तेव्हा ते खरंच काही बोलले नाहीत. आईला ताट वाढायला सांगितलं. ते ताट तुमचं होतं. तुम्ही गाडीकडं बघत राहिलात, म्हणून निवलं.

कृष्णातनी पत्र्याखाली तात्पुरती पट्टी मारून दिलीय, म्हणजे गाडी कोल्हापूरपर्यंत यायला हरकत नाही. ते येणार आहेत. नवा सदरा घेतलाय आणि वर मलाच सुनावलं की अण्णांनी हातोडी हातात दिली तर मोबाईलमध्ये फोटो काढायचा. एकवीस बुचं आम्ही काढली. उजवीकडचं पुढचं एक तसंच ठेवलंय. ते तुम्ही काढायचं.

रविवारी सातला निघू, साडेनऊपर्यंत पोचू. कोपऱ्यावर हॉर्न देईन, पण त्या भरवशावर नको, रस्त्यावर येऊन उभे राहा. मशीन लावलेलं असू दे.

काकूंना नमस्कार. बूट बाहेर काढीन म्हणावं. बाकी भेटीत.

तुमचीच,
आदिती